बसून राहिलेल्या खिळ्यांचा ग्रह

दर मंगळवारी दुपारी छापखान्याच्या फोरमनची चिठ्ठी माझ्या टेबलावर येत असे. प्रूफाच्या कागदाची फाडलेली पट्टी आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली पाच-सहा अक्षरे: झ, ढ, ठ, औ, ङ. खाली सही नाही, वर तारीख नाही. त्या अक्षरांतून मला पुढच्या आठवड्याची माणसे आणि गावे करायची असत.

हे द्वैभाषिक मुंबई राज्याच्या, म्हणजे महाराष्ट्र राज्य मागणाऱ्या चळवळीच्या वर्षांतले आहे. मी गिरगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. काम मुख्यतः इंग्रजी तारांचे मराठी करण्याचे. हरताळ, मोर्चे, सभाबंदी, अटका आणि सुटका यांनी पहिले पान भरून जाई आणि उरलेले दुसऱ्यावर सांडे. त्यातच रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. चाळींच्या गच्च्यांवर माणसे मान वर करून उभी राहू लागली. संपादकांनी मला बोलावले.

"रविवारच्या पुरवणीत आकाशातलं काहीतरी दे," ते म्हणाले. "इथलं सगळं लोक सहा दिवस वाचतातच. सातव्या दिवशी जरा लांब ने त्यांना."

"किती लांब?"

"आपला बातमीदार पोचणार नाही इतकं."

मी क्रमशः चालणारी एक वैज्ञानिक गोष्ट लिहायला घेतली. दोन सूर्यांचा एक ग्रह, त्यावर काचेच्या घुमटाखाली वसलेले शहर, घुमटाबाहेर हवा नाही. ग्रहाला मी 'नवराष्ट्र' म्हटले आणि शहराला 'ईशनगरी'. तेव्हा ती नावे मला बरी वाटली होती. मजकूर खाली छापखान्यात गेला आणि अर्ध्या तासाने फोरमन तो हातात धरून जिना चढून वर आले.

फोरमन घोडपदेवला राहत. मूळचे मालवणकडचे. बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघण्याची त्यांना सवय होती.

"साहेब, ह्या जमूचा नाय."

"का? अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागता. 'ष्ट्र' नाय माझ्याकडे. सगळे अग्रलेखान खाल्ले. आणि 'ई' तर विचारूच नको. दिसभर मुंबई, मुंबई, मुंबई."

"एका ग्रहाला असे किती खिळे लागणार?"

"चौदा. मोजलंय मी. तुमचो ग्रह चौदा येळा इलो. पुरवणी बुधवारी बांधतत. ते चौदा ष्ट्र रविवारपर्यंत सुटूचे नाय. मगे गुरुवारी मोर्चाची बातमी इली की मी काय लावू? आणि माका एक सांगा, त्या ग्रहार राष्ट्र कित्याक होया? हयसर एक राज्य मिळना नाय."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवली जाई. प्रत्येक अक्षराला केसमध्ये एक खण, आणि त्या खणात मोजकेच खिळे. नेहमीच्या काळात मराठीला किती 'ई' आणि किती 'ष्ट्र' लागतात, याचा कारखान्याने काही अंदाज बांधलेला असतो. चळवळीचा त्यात हिशेब नव्हता. रोज संध्याकाळी महाराष्ट्र आणि मुंबई हे दोन शब्द खिळ्यांचे खण रिकामे करत होते.

"मग तुमच्याकडे आहे काय?" मी विचारले.

फोरमन खाली गेले आणि पाच मिनिटांनी पट्टी घेऊन परतले. "ह्ये बसान आसत. झ हा, ढ हा, ठ हा. औ पण खूप. आणि ह्यो ङ. तो बिचारो माझ्या जन्मात खणाभायर पडूक नाय."

अशा रीतीने ग्रहाचे नाव ठौझ झाले. शहराचे नाव झौंढे. शहराच्या घुमटावरची धूळ झाडणाऱ्या यंत्रमानवाला मी नुसते ङ म्हटले. त्याचा उच्चार कसा करावा, असे विचारणारी पत्रे पुढे महिनाभर आली. चिंचपोकळीच्या एका वाचकाने वेगळीच शंका काढली. ठौझ म्हणजे दिल्ली का, असे त्याने कार्डावर विचारले होते, आणि असल्यास तसे स्पष्ट लिहिण्यास घाबरू नये, असेही सुचवले होते.

इथे एक नोंद करणे आवश्यक आहे. वर दिलेली नावे त्या वेळी छापली गेली ती नव्हेत. त्यांतले एक नाव आज दादर-प्रभादेवी भागात नांदणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. म्हणून त्याच पद्धतीने आणि त्याच जातीच्या अक्षरांतून मी या लेखासाठी नवी नावे केली आहेत. या खेपेस टेलिफोनची डिरेक्टरी आणि मतदारांची यादी, दोन्ही आधी पाहिली. त्या खेपेस पाहिली नव्हती.

मला ही पद्धत हळूहळू आवडू लागली होती. नाव सुचण्याची वाट पाहावी लागत नव्हती. चिठ्ठीवरची अक्षरे दोन-तीनदा फिरवायची, जीभ अडखळणार नाही अशा जागी स्वर घालायचा, झाले. त्या नावांना अर्थ नव्हता, इतिहास नव्हता आणि सीमा नव्हत्या. सकाळपासून तारांमध्ये ज्या गावांची नावे मी लिहीत असे, त्यांतले प्रत्येक गाव कुणाला तरी इकडे हवे होते आणि कुणाला तरी तिकडे. झौंढे कुणालाच नको होते.

चूक पाचव्या प्रकरणात झाली. शेजारच्या ग्रहाचे सैन्य घुमटाबाहेर येऊन थांबते आणि आतलाच एक माणूस त्यांना दार उघडून देतो. त्याच्याकडे दाराची किल्ली असते. दार म्हटले की किल्ली आली आणि किल्ली म्हटली की ती बाळगणारा माणूस आला, यापलीकडे मी विचार केला नव्हता. त्या माणसाला नाव द्यायचे राहिले होते. मजकूर मागायला खालून दुसऱ्यांदा निरोप आला. तो माणूस झौंढ्याचा, म्हणून मी झौंढेकर लिहिले आणि कागद खाली पाठवला.

ते प्रकरण मी वाचले, फोरमननी जुळवले, मुद्रिते तपासणाऱ्याने तपासले, संपादकांनी पाहिले. दोन सूर्यांच्या ग्रहावर काचेखाली राहणाऱ्या माणसाला 'कर' कुठून लागला, हे चौघांपैकी एकालाही खटकले नाही. आम्ही चौघेही कुठले ना कुठले 'कर' होतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी एक गृहस्थ मला भेटायला आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री आणि घडी घातलेली रविवारची पुरवणी. वय पन्नाशीच्या पुढे. खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत.

"ही गोष्ट आपण लिहिता?"

"हो."

"मी झौंढेकर," ते म्हणाले.

मला प्रथम ती थट्टा वाटली. मी हसलोही. ते हसले नाहीत, तेव्हा मी उठून उभा राहिलो.

"असं आडनाव खरंच आहे?"

"माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. कोकणात एक वाडी आहे. पाच घरं. नकाशात मिळायची नाही. तुम्ही ती कुठून शोधून काढलीत, तेवढंच मला कळायला हवं."

मी त्यांना खिळ्यांचे सांगितले. फोरमनची चिठ्ठी दाखवली. त्या दिवशीचीही चिठ्ठी टेबलावरच होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिले आणि परत दिली.

"म्हणजे तुम्हाला माझी माहिती कुणी पुरवली नाही?"

"कसली माहिती?"

आता ते बसले. त्यांनी सांगितले ते असे. ते फोर्टातल्या एका पेढीत हेडक्लार्क होते. पेढीत मागे एकदा चोरी झाल्यापासून तिथे एक चाल पडली होती. रात्री पहारेकऱ्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली हेडक्लार्कने घरी न्यायची. हरताळ अचानक जाहीर झाला त्या सकाळी म्हातारा पहारेकरी आतच होता. सर्वांबरोबर घरी बसावे, तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी कोंडलेला राहणार. तेव्हा हे प्रभादेवीहून चालत निघाले. हातात डबा होता, त्यात त्या पहारेकऱ्यासाठी पोळी-भाजी. कुलूप उघडले, त्याला बाहेर काढले, पुन्हा कुलूप लावले आणि चालत परत आले. गल्लीने पाहिले ते इतकेच, की हरताळाच्या दिवशी हा माणूस डबा घेऊन ऑफिसला गेला.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही. काही दिवस पाठीमागे बोलत राहिले, मग थांबले. आता रविवारपासून परत सुरू झालेत. पेपरातच आलं ना! किल्ली, दार, फितूर, आणि आडनावासकट. परवा जिन्यात एकजण विचारतो, काय झौंढेकर, आज कुठलं कुलूप?"

त्यांनी पुरवणीची घडी आणखी लहान केली.

"तेही चाललं असतं. मुलीचं जमत आलंय. मुलाचे वडील दादरचे, शाळामास्तर. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. साखरपुड्याचा दिवस ठरायचा होता. काल त्यांचा निरोप आला, जरा थांबू या. थांबू या म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको."

मी म्हणालो, आम्ही खुलासा छापू. गोष्टीतल्या नावाचा कुणाही व्यक्तीशी संबंध नाही, असा.

"नको," ते ताडकन म्हणाले. "ज्यांना कळलं नाही त्यांना मग कळेल. आणि ते पहारेकऱ्याचं गोष्टीत बिष्टीत घालू नका. माझी सफाई पेपरातून नको मला."

"मग मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"ते मला काय माहीत? लेखक तुम्ही."

छत्री उचलून ते निघाले. दारात थांबून म्हणाले, "आणि आम्ही काही एकटेच नाही हो. त्या वाडीत पाचही घरं झौंढेकरांचीच. पोस्टमन कुणाचंही पत्र कुणाच्याही पडवीत टाकतो."

मी संपादकांकडे जाऊन सगळे सांगितले. पहारेकऱ्याची हकिकतही सांगितली, छापायची नाही या अटीसह. ते आधी खूप हसले, मग पेन खाली ठेवले.

"पुढच्या अंकात नाव बदलून टाक."

"बदललं तर आणखी वाईट दिसेल. आपल्याकडे कालच्या बातमीतलं नाव आजच्या बातमीतून गळलं की लोक काय म्हणतात?"

"की कुणीतरी येऊन भेटून गेलं," संपादक म्हणाले. "खरं आहे. मग?"

"उद्या बांधायचं प्रकरण जुळवून झालंय. त्यात फितुराला घुमटाबाहेर ढकलून देतात."

"अरे देवा. ते तरी थांबव."

मी खाली गेलो. फोरमननी माझे ऐकून घेतले. जुळवलेला मजकूर मोडायचा म्हणजे हजारभर खिळे पुन्हा एकेक करून आपापल्या खणात टाकायचे. त्यांनी काय ते मालवणीत पुटपुटले, ते मी इथे देत नाही. मग विचारले, "मुलगी कितक्या वर्षांची?"

"ते मी विचारलं नाही."

"लगीन मोडता म्हणजे विचारूक व्हया होता," असे म्हणून त्यांनी जुळवलेल्या ओळींची गॅली पुढे ओढली आणि मोडायला सुरुवात केली.

त्या दुपारी मी टेबलाशी बसून नव्या प्रकरणाची चार कागदांवर चार सुरुवाती केल्या. पहिल्यात झौंढेकर निर्दोष ठरत होता, म्हणजे त्या गृहस्थांची सफाई. दुसऱ्यात तो मरत होता. तिसऱ्यात दाराची किल्ली मुळात दुसऱ्याचीच निघत होती. ते वाचताना मलाच पटेना. चौथा कागद घेतला तेव्हा दारात उभे राहून ते गृहस्थ जे बोलले होते, ते मी जसेच्या तसे वर लिहून ठेवले. पाचही घरे झौंढेकरांची. मग काचेखालच्या शहरात तरी दुसरे कोण राहणार होते?

नव्या प्रकरणाची सुरुवात शहराच्या हजेरीपटाने झाली. सैन्य आत आल्यावर त्यांचा अधिकारी नावे वाचायला बसतो. दिवे लावणारी झौंढेकर. विहिरीवरचा झौंढेकर. शाळेतला थोरला झौंढेकर, धाकटा झौंढेकर. सुईण झौंढेकर. ज्या वीराने पहिल्या प्रकरणापासून घुमट राखला होता आणि ज्याला मी आजवर नुसते पाळण्यातले नाव दिले होते, तोही झौंढेकर. सगळ्यांत शेवटी यंत्रमानव, ङ झौंढेकर. अधिकाऱ्याला हुकूम असतो, झौंढेकराला बक्षीस द्या. तो तीन दिवस बक्षीस घेऊन गल्लीगल्लीतून हिंडतो आणि शेवटी वैतागून ते ङच्या गळ्यात घालतो. फितुराचे काय झाले, ते मी पुढे कधीतरी सांगितले. तोपर्यंत त्याला सगळे किल्लीवाला म्हणू लागले होते.

कागद खाली गेले. यावेळी पाऊण तासाने फोरमन जिना चढून आले.

"साहेब."

"बोला."

"झ संपले."

मला हसू आले.

"हसा नको. सकाळपर्यंत माझ्याकडे झ ठेवूक जागा नव्हती. आता एक नाय. एवढे झौंढेकर कित्याक होये? पाच-दहांनी भागणा नाय?"

"नाही भागणार. पाच-दहा असतील तर लोक त्यांतून एक शोधतील."

त्यांनी कागदाकडे बघत विचार केला. मग टोपी घालून ते स्वतः लालबागला गेले. तिथे त्यांच्या ओळखीचा एक लहान छापखाना होता. दिवेलागणीपूर्वी ते रुमालात बांधलेले झ घेऊन आले. ते आमच्यापेक्षा किंचित जाड होते. त्या रविवारची पुरवणी कुणी जपून ठेवली असेल, तर निम्मे झौंढेकर एका अंगाचे आणि निम्मे दुसऱ्या अंगाचे दिसतील.

पुढचे दोन आठवडे काही कळले नाही. मी तारांचे मराठी करत होतो. एका सभेच्या बातमीत माझ्याकडून वक्त्यांचा क्रम उलटा झाला, तो संपादकांनी नजरेस आणून दिला. ठौझच्या प्रकरणांत मी 'कर' लावताना आता दोनदा थांबत असे. मंगळवारच्या चिठ्ठीत झ येणे बंद झाले होते.

तिसऱ्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा आले. टोपी, कोट, छत्री तीच. खुर्ची पुढे करण्याआधीच ते बसले.

"आमच्या गल्लीत काय चाललंय, ठाऊक आहे तुम्हाला?" ते म्हणाले. "पोरं एकमेकांना झौंढेकर म्हणून हाका मारतात. दूधवाला झौंढेकर, इस्त्रीवाला झौंढेकर. जिन्यात तो जो मला विचारत होता ना, त्याची बायकोसुद्धा त्याला ओरडते, अहो झौंढेकर, नळ गेला!"

"आणि तुम्हाला?"

"मला आडनावाने हाक मारणं आता कुणाला परवडत नाही. चौघं वळून बघतात." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. प्रथमच मी त्यांना टोपीवाचून पाहत होतो. "रविवारी मास्तरांकडे गेलो होतो. म्हटलं, पेपरातलं मिटलंय तेव्हा आता बोलायला हरकत नाही. आधी बोललो असतो तर ती वकिली झाली असती. किल्लीचं सांगितलं. डब्याचं सांगितलं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. पहारेकऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग आत बघून म्हणाले, चहा टाका, आणि पंचांग आणा."

गेले तीन आठवडे माझे खांदे वर उचललेले होते, हे ते खाली आल्यावर माझ्या लक्षात आले.

"पत्रिका तुमच्याच छापखान्यात छापायच्या आहेत," ते म्हणाले. "दुसरीकडे नाव चुकवतील."

आमच्या छापखान्यात दैनिकाखेरीज बाहेरची किरकोळ कामेही होत. मी त्यांना खाली घेऊन गेलो आणि फोरमनसमोर उभे केले. हे झौंढेकर, असे सांगितले. फोरमननी कागदावरून मान वर केली आणि सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"मुलगी कितक्या वर्षांची?"

"विसावं सरेल आता."

"बरा झाला," फोरमन म्हणाले. खाली वाकून त्यांनी केसखालून एक रुमाल काढला आणि सोडला. आत लालबागचे झ होते. "ह्ये मी परत करूक नाय. म्हटला, लागतले."

दुसऱ्या दिवशी पत्रिकेचे प्रूफ माझ्याकडे वर आले. ते तपासणे माझे काम नव्हते, पण फोरमननी ते माझ्याच नावाने पाठवले होते. आडनाव त्यात दोनदा होते, एकदा निमंत्रकाच्या जागी आणि एकदा मुलीच्या नावापुढे. मी पट्टी लावून एकेक अक्षर वाचले, मग शेवटाकडून उलटे वाचले. चूक नव्हती. खाली 'छापावे' असे लिहून मी सही केली.